सभा संपल्यावर काय उरते?

पर्यावरणाच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या दिवसांची आपल्याकडे आता कमतरता नाही. 22 एप्रिलला वसुंधरा दिन, 5 जूनला पर्यावरण दिन, 20 ऑगस्टला अक्षय ऊर्जा दिन, 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, महाविद्यालयांत व्याख्याने होतात, नगरपालिका सायकल फेरी काढते. याशिवाय सौर ऊर्जेचे मेळावे आहेत, जलसंधारणाच्या स्पर्धा आहेत, झाडे वाचवण्यासाठीचे मोर्चे आहेत, वीजदरावरच्या सुनावण्या आहेत, वादळापूर्वीच्या रंगीत तालमी आहेत. स्वच्छ ऊर्जा, हवामानबदल आणि संकटात टिकून राहण्याची गावाची ताकद या तीन विषयांसाठी लोक आज जितक्या प्रकारे एकत्र येतात, तितके पूर्वी कधी येत नव्हते.

या सगळ्याचा एकत्रित आढावा घेण्याची गरज आहे, कारण प्रश्न आता केवळ जागृतीचा राहिलेला नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरकरांना टंचाई समजावून सांगावी लागत नाही. 2019 आणि 2021 असे दोनदा पुरात बुडालेल्या सांगली-कोल्हापूरला पाऊस बदलल्याचे वेगळे सांगायला नको. माळीण, तळीये, इरशाळवाडी या गावांनी अतिवृष्टीत डोंगर खचताना पाहिला आहे. या लोकांना माहिती देणे एवढेच उद्दिष्ट ठेवून भरवलेला कार्यक्रम त्यांना काहीच देत नाही. त्यांना विचारायचे असते ते पुढचे: आता करायचे काय, कोणी करायचे, पैसे कुठून येणार, आणि ठरलेले झाले नाही तर जाब कोणाला विचारायचा?

म्हणून प्रत्येक प्रकारच्या कार्यक्रमाला एकच प्रश्न विचारत हा आढावा घेतला आहे. सभा संपून मंडप उतरल्यावर मागे काय उरते? माझे मत आधीच सांगतो. ज्या कार्यक्रमातून लोकांच्या हाती निर्णय येतो आणि त्या निर्णयाचा हिशेब द्यायची पुढची तारीख ठरते, तोच टिकतो. असे कार्यक्रम बहुधा झगमगाटाचे नसतात. ते ग्रामसभा, सुनावणी, सोसायटीची वार्षिक सभा अशा साध्या नावांनी आपल्याकडे आधीपासून आहेत.

दिवस आणि मोर्चे

जगभरच्या पर्यावरण दिनांची सुरुवात 22 एप्रिल 1970 च्या अमेरिकेतल्या वसुंधरा दिनापासून धरली जाते. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची कल्पना आणि डेनिस हेज या तरुणाचे संयोजन. त्या दिवशी सुमारे दोन कोटी लोक रस्त्यावर, शाळांत आणि मैदानांत उतरले. वर्ष संपायच्या आत तिथे पर्यावरण संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली आणि हवा प्रदूषणाचा कडक कायदा झाला. हे यश त्या दिवसाच्या खात्यावर जमा केले जाते, पण मधला एक दुवा सहसा सांगितला जात नाही. दिवस साजरा करणाऱ्यांपैकी काहींनी त्याच वर्षीच्या निवडणुकीत पर्यावरणविरोधी मतदान केलेल्या बारा लोकप्रतिनिधींची यादी जाहीर केली आणि त्यांच्या मतदारसंघांत प्रचार केला. बारापैकी सात हरले. लोकप्रतिनिधींनी 22 एप्रिलच्या गर्दीची नोंद घेतलीच होती, त्या पराभवांनी ती पक्की केली.

याच हेज यांनी 3 मे 1978 ला सूर्य दिन भरवला. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या दिवशी सौर ऊर्जेवर भाषण केले आणि पुढच्या वर्षी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारी सौर पॅनेल बसवली. रीगन यांच्या कारकिर्दीत, 1986 मध्ये, ती उतरवली गेली. जो उपक्रम सरकारच्या मर्जीवर उभा असतो, तो सरकार बदलले की खाली येतो, ही त्यातली शिकवण आहे.

भारतातल्या तरुणांचा अलीकडचा अनुभव 2020 चा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळात हरकतींसाठी खुला केला. रस्त्यावर उतरणे शक्य नव्हते, म्हणून विद्यार्थ्यांनी घरात बसून मसुदा वाचला, सोप्या भाषेत त्याचा सारांश केला आणि लाखो हरकती पाठवल्या. मसुदा मुळात इंग्रजी आणि हिंदीतच होता. 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत वाढवून दिली आणि आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत मसुद्याचे भाषांतर करावे असा आदेश दिला. रायगडच्या किंवा चंद्रपूरच्या ज्या माणसाच्या शेजारी प्रकल्प येणार, त्याला कायदा मराठीत वाचायला मिळाला पाहिजे, हे साधे तत्त्व त्यामुळे न्यायालयाच्या आदेशात आले. नुसत्या घोषणाबाजीतून हे झाले नसते. मसुदा कलमवार वाचणारे लोक होते म्हणून झाले.

जत्था आणि वारी

दिवस शहराला सोयीचे असतात. खेड्यापर्यंत जाण्यासाठी चालत जाणारा कार्यक्रम लागतो. या बाबतीत देशाला वाट दाखवली केरळ शास्त्र साहित्य परिषदेने. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने विज्ञान मल्याळममध्ये आणले. पुढे सायलेंट व्हॅलीतल्या जलविद्युत प्रकल्पाचा प्रश्न तिने गावोगावी नेला. जंगल की वीज, असा तो वाद दिसत होता. परिषदेच्या अभ्यासकांनी विजेचे पर्याय आकड्यांनिशी मांडले आणि कार्यकर्त्यांनी ते लोकांना समजेल अशा भाषेत सांगितले. अखेर प्रकल्प रद्द झाला आणि 1984 मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. गाणी, पथनाट्ये घेऊन फिरणारा कलाजत्था ही परिषदेची पद्धत पुढे 1987 च्या भारत जन विज्ञान जत्थ्यातून देशभर पोचली.

महाराष्ट्राला हा मार्ग परका नाही. कीर्तनातून स्वच्छता शिकवणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने 2000-01 मध्ये सुरू झालेले ग्रामस्वच्छता अभियान त्याच परंपरेतले. आषाढीच्या वाटेवर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम भारूड, पोवाडे, पथनाट्य घेऊन चालतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांनी 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सौर ऊर्जेवर चालणाऱ्या बसमधून ऊर्जा स्वराज यात्रा सुरू केली. विजेचा वापर आधी टाळा, मग कमी करा, उरलेली गरज स्वतः निर्माण करून भागवा, असा तिचा आग्रह आहे.

जत्थ्याचे बळ त्याच्या भाषेत आहे. त्याची मर्यादा अशी, की तो पुढच्या गावाला निघून जातो. सायलेंट व्हॅलीत तो यशस्वी झाला, कारण मागे गावागावांत परिषदेची शाखा होती. ज्या जत्थ्यामागे गावात राहणारा एकही गट नसतो, तो आठवणीपलीकडे काही ठेवत नाही. आज आपल्या बहुतेक यात्रांचे नियोजन करताना मार्ग काटेकोर आखला जातो, मागे कोण राहणार हे मात्र ठरवले जात नाही.

स्पर्धा: श्रमदान झाले, ताळेबंद राहिला

गेल्या दशकात महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत मोठ्या संख्येने लोक बाहेर पडले ते पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपसाठी. 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या 116 गावांपासून सुरुवात झाली. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोचली. रचना विचारपूर्वक केलेली होती. गावाने पाच माणसे प्रशिक्षणाला पाठवायची, त्यांनी पाणलोटाचे शास्त्र शिकून यायचे, आणि मग एप्रिल-मेच्या 45 दिवसांत गावाने सलग समतल चर, दगडी बांध, बांधबंदिस्ती अशी कामे करायची. कोरेगाव तालुक्यातले वेळू, आर्वी तालुक्यातले काकडदरा, माण तालुक्यातले टाकेवाडी अशी गावे पहिली आली. पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघालेल्या गावांमध्ये पक्ष आणि भावकीची भांडणे काही काळ तरी मागे पडली. हे सामाजिक यश मोठे आहे आणि त्याची किंमत फक्त अडवलेल्या पाण्याच्या लिटरांत मोजता येणार नाही.

तरीही त्या यशाची दुसरी बाजू मांडली पाहिजे. यंत्रांच्या कामाचा वाटा वाढत गेला, आणि काही ठिकाणी शास्त्रीय आखणीपेक्षा खोदकामाचा आकार महत्त्वाचा ठरला. त्याहून मूलभूत अडचण म्हणजे पाणी अडवणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. अडवलेले पाणी कोण उपसणार? सगळ्या गावाने घाम गाळून जिरवलेले पाणी ज्याची बोअरवेल खोल तो उसाला देणार असेल, तर भूमिहीन कुटुंबाच्या श्रमदानाचा मोबदला भलत्याच्या शेतात जातो. स्पर्धेच्या 45 दिवसांत या प्रश्नाचे उत्तर मिळू शकत नाही. ते दरवर्षीच्या सभेत, बाजारभाव आणि पाऊस समोर ठेवूनच शोधावे लागते.

ते उत्तर शोधलेले गाव महाराष्ट्रातच आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1989 नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, पाणलोटाची कामे केली. पण त्या गावाचे वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घातले. 2004 पासून दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखायचे, उरलेल्यात कोणते पीक बसते, हे ग्रामसभेत ठरते. या बैठकीला पाहुणा नसतो आणि बक्षीसही नसते. पण शेतकरी आपले पीक काय असावे याचा निर्णय गावाच्या हिशेबाला जोडून घेतो. हवामान बदलत असताना कोणत्याही समाजाला साधावी लागणारी सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

ऊर्जा: गावाला विचारले होते का?

स्वच्छ ऊर्जेच्या उद्घाटनांना गर्दी भरपूर असते. ती गर्दी कशासाठी आली आहे, हे विचारायला मात्र आपण विसरतो. बिहारमधल्या धरनई गावात 2014 मध्ये ग्रीनपीसने 100 किलोवॉटचे सौर मायक्रोग्रिड उभारले. तीन दशके विजेविना असलेल्या गावात दिवे लागले, देशभर बातम्या झाल्या. त्याच सुमारास नीतीश कुमार गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ‘खरी वीज’ मागितली. मायक्रोग्रिडवर ठरावीक दिवे-पंखे चालत होते. ज्यांना शेतीचा पंप, शीतकपाट, गिरणी चालवायची होती त्यांची गरज त्यातून भागत नव्हती, आणि दरही जास्त होता. पुढे ग्रिडची वीज आली आणि काही वर्षांत सौर केंद्राच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. चूक तंत्रज्ञानाची नव्हती. लोकांना किती वीज लागते, कशासाठी आणि कोणत्या दराने परवडते, हे ठरवणारी सभा उद्घाटनाच्या आधी व्हायला हवी होती.

या विरुद्ध टोकाला डेन्मार्कचे सॅम्सो बेट आहे. चार हजारांच्या आसपास वस्तीच्या या बेटाने 1997 मध्ये सरकारी स्पर्धा जिंकली: दहा वर्षांत पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर जायचे. स्पर्धा जिंकली तेव्हा बेटावरच्या बहुतेकांना या योजनेबद्दल फारशी आस्थाही नव्हती. सोरेन हर्मनसेन या स्थानिक शिक्षकाने मग शेतकऱ्यांच्या संघापासून गावच्या क्लबपर्यंत, जिथे बैठक असेल तिथे जाऊन बसायला सुरुवात केली. त्याने हवामानावर भाषणे केली नाहीत. रोजगार, घर गरम ठेवण्याचा खर्च आणि पवनचक्कीतला हिस्सा यांवर तो बोलत राहिला. बेटावर एक मेगावॉटच्या 11 आणि समुद्रात 10 मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही शेतकऱ्यांच्या, काही सहकारी तत्त्वावर, काही नगरपालिकेच्या मालकीच्या. घरासमोरचे पाते फिरले की आपल्या खात्यात पैसे येतात, ही भावना असल्याने विरोध विरला. सहकाराची इतकी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला सॅम्सोची ही वाट समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे साखर, दूध, पतपुरवठा हे सगळे सहकारात आले. विजेची मालकी मात्र अजून म्हणावी तशी आली नाही.

राज्यातली परिस्थिती संमिश्र आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्याचे पहिले सौरग्राम ठरली. शंभराच्या आसपास उंबरे असलेली ही वाडी ग्रामस्वच्छतेपासून अनेक अभियानांत एकत्र काम करत आली होती, म्हणून सौर छतांचा निर्णय तिला जड गेला नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला एक कोटी रुपये देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या वर असावी लागते. म्हणजे एकोप्याने काम करू शकणाऱ्या छोट्या वाड्या त्या स्पर्धेच्या बाहेरच राहतात. हा निकष राज्याने आपल्या पातळीवर तरी सैल करून वाड्या-वस्त्यांसाठी वेगळी योजना आखायला हवी.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचे जे काम हाती घेतले आहे, ते अतिशय मोलाचे आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावतो, अंधारात विजेचा धक्का बसतो, ही खेड्यातली जुनी व्यथा आहे. पण या प्रकल्पांना जमीन लागते आणि ती बऱ्याच ठिकाणी गायरानाची असते. शासनाच्या कागदावर मोकळी दिसणारी ही जागा मेंढपाळाची चराई असते, भूमिहीनाची शेळी तिथे जगते, कधी दलित कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या कसलेली अतिक्रमित जमीन असते. काही गावांनी विरोध केला तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून चालणार नाही. सौर आणि पवन प्रकल्प पर्यावरणीय जनसुनावणीच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे ग्रामसभा ही एकच जागा उरते जिथे हा प्रश्न विचारता येतो. ती सभा कागदावर उरकली, तर स्वच्छ विजेच्या पायाशी अन्याय राहतो.

सुनावणी: सर्वांत दुर्लक्षित जागा

आपल्या कायद्यात लोकांचे म्हणणे ऐकण्याची जी व्यवस्था आहे, तिची ताकद आपण फार कमी वापरतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला, आणि वीजदर बंद खोलीत न ठरता हरकती मागवून, जाहीर सुनावणी घेऊन ठरू लागले. 2003 च्या विद्युत कायद्याने ही पद्धत देशभर पक्की केली. सुरुवातीच्या सुनावण्यांत पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनी आणि ग्राहक संघटनांनी वीज मंडळाच्या आकड्यांना प्रश्न विचारले. सुमारे 18 टक्के सांगितली जाणारी विजेची गळती प्रत्यक्षात 30 टक्क्यांच्या पुढे असल्याचे त्यातून उघड झाले. मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर चोरी आणि गळती लपवली जात होती. इतकी वर्षे शेतकऱ्याच्या माथी मारलेला आकडा एका सुनावणीच्या प्रक्रियेत बदलला, ही लोकसहभागाची लहान कामगिरी नाही.

2019 च्या अखेरीस छतावरच्या सौर विजेच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हाही हे दिसले. नेट मीटरिंग, म्हणजे छतावर तयार झालेली युनिट बिलातून वजा होण्याची सोय, मर्यादित होईल अशी भीती होती. ग्राहकांनी, सोसायट्यांनी आणि सौर यंत्रणा बसवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या, आणि अंतिम नियमांत ती सोय कायम राहिली. सौर ऊर्जेच्या प्रसारासाठी भरलेल्या कित्येक मेळाव्यांपेक्षा त्या सुनावणीचे मोल जास्त आहे.

पर्यावरणीय जनसुनावणीची कथा इतकी उजळ नाही. 1997 मध्ये ती बंधनकारक झाली, 2006 च्या अधिसूचनेने तिची पद्धत ठरली: तीस दिवसांची पूर्वसूचना, स्थानिक भाषेतला सारांश, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे अध्यक्षस्थान, चित्रीकरण. पण या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, आणि तिथे मांडलेल्या मतांनी प्रकल्प थांबेलच असेही नाही. लोक बोलतात, नोंद होते, मंजुरी मिळते, आणि पुढच्या वेळी लोक येत नाहीत. ज्या सभेत बोलल्याचा परिणाम दिसत नाही, ती सभा लोकांना निराश करते, आणि ही निराशा उदासीनतेपेक्षा घातक असते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. फ्रान्सने 2019-20 मध्ये चिठ्ठी टाकून निवडलेल्या 150 नागरिकांची हवामान परिषद भरवली. सामान्य माणसांनी नऊ महिने तज्ज्ञांना ऐकून 149 प्रस्ताव तयार केले. राष्ट्राध्यक्षांनी ते कोणतीही गाळणी न लावता पुढे नेण्याचे वचन दिले होते. 2021 च्या कायद्यात त्यांतले अनेक प्रस्ताव पातळ झाले किंवा गळले, आणि त्या नागरिकांनी आपली नाराजी उघड मांडली. परिषद आदर्श होती, वचन मोडले गेले, आणि विश्वासाला तडा गेला.

तयारी: जीव वाचवणारा कार्यक्रम

संकटात टिकून राहण्याच्या बाबतीत देशातला सर्वांत बोलका पुरावा ओडिशाचा आहे. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभे केले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी तरुणांची पथके तयार केली आणि नेमाने रंगीत तालमी घेतल्या. वादळाची सूचना आली की कोणाच्या घरी म्हातारी आजी आहे, कोण गरोदर आहे, नाव कोणाकडे आहे, हे पथकाला माहीत असते. 2013 च्या फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांत राहिली. मे 2019 मध्ये फानीच्या वेळी बारा लाख लोक हलवले. हे आकडे एका दिवसाच्या धावपळीतून आलेले नाहीत. वर्षानुवर्षे घेतलेल्या तालमींचा तो परिणाम आहे.

उष्णतेसाठी तेच काम अहमदाबादने केले. मे 2010 च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासात दिसले, आणि 2013 मध्ये शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. आपल्याकडे या विषयाची सर्वांत वेदनादायक नोंद 16 एप्रिल 2023 ची आहे. खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात बसली आणि उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. बदलत्या हवामानात जाहीर कार्यक्रम भरवण्याची पद्धतच बदलली पाहिजे, हे त्या दिवशी सर्वांना कळायला हवे होते. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या सभा नकोत, सावली आणि पाणी नसेल तर परवानगी नको, वैद्यकीय पथक जवळ हवे. हा साधा नियम पर्यावरणाच्या मेळाव्यांनाही लागू आहे.

टिकून राहण्यात स्त्रियांचे स्थान काय, याचा धडा मराठवाड्याने 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर दिला. घरांच्या पुनर्बांधणीत गावातल्या स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून काम केले: बांधकाम कसे हवे, पैसे कुठे अडले, हे त्या अधिकाऱ्यांशी बोलत. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर घडलेल्या बचतगटांतल्या या स्त्रियांनी पुढे सुधारित चुली, सौर दिवे विकले. दुष्काळात घरच्या जमिनीतला एखादा एकर आपल्या निर्णयाखाली मागून घेऊन त्यात कडधान्ये, भाजीपाला, ज्वारी-बाजरी पिकवली. नगदी पीक बुडाले तरी घरात खायला राहिले. भूकंपासाठी जमलेल्या बायका दुष्काळातही एकत्र राहिल्या, कारण त्यांची बैठक दर महिन्याला होत होती.

शहर: गच्चीवरची सभा

शहरांत हवामानाच्या चर्चा मोठ्या सभागृहांत होतात, निर्णय मात्र छोट्या सभांत होतात. मार्च 2022 मध्ये मुंबईने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले. इमारतींची वीज, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा आणि पूर असे सहा विषय त्यात आहेत. आराखडा चांगला आहे. पण त्यातला इमारतींच्या विजेचा भाग प्रत्यक्षात येतो तो सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, जिथे गच्ची कोणाची, खर्च कोणी उचलायचा, लिफ्ट आणि पंपाचे बिल किती वाचणार यावर दोन तास वाद होतो. दरवर्षी सप्टेंबरअखेर होणाऱ्या या हजारो सभांपर्यंत महापालिकेचा एक माहीतगार माणूस आणि एक पानाचा हिशेब पोचला, तर आराखड्याला हातपाय फुटतील.

मुंबईतल्याच आरेचे प्रकरण शहराला आणखी एक गोष्ट शिकवते. मेट्रो ही स्वच्छ वाहतूक आहे, आणि तिच्या कारशेडसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली. झाडांसाठी रस्त्यावर आलेले लोक मेट्रोचे शत्रू नव्हते. हजारो लेखी हरकतींना समाधानकारक उत्तर मिळाले असते आणि पर्यायी जागांची तुलना सर्वांसमोर मोकळेपणाने मांडली गेली असती, तर रात्री आंदोलन करायची वेळ आली नसती. स्वच्छ ऊर्जा आणि हवामानाच्या कामांतही हितसंबंधांचा संघर्ष असतोच. तो सोडवण्याची जागा सभा आहे, आणि ती टाळली की तो रस्त्यावर येतो.

पुढे काय करावे

या आढाव्यातून काही ठोस गोष्टी पुढे येतात, आणि त्यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात आणि त्यांच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. त्यांपैकी पावसाळ्यानंतरच्या सभेत पाण्याचा ताळेबंद आणि उन्हाळ्यापूर्वीच्या सभेत उष्णता, वीज आणि आपत्तीची तयारी हे विषय कायमचे ठेवावेत. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेत चार माणसांत ठराव करायचा, ही सवय या दोन सभांपुरती तरी मोडावी. गायरानावरच्या सौर प्रकल्पाचा ठराव चराई करणाऱ्यांची नावे नोंदवूनच व्हावा. वीजदराच्या सुनावण्या विभागीय शहरांपलीकडे जिल्ह्यापर्यंत याव्यात आणि याचिकेचा सारांश समजेल अशा मराठीत मिळावा. पर्यावरणीय सुनावणीत मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर मिळावे आणि ते उत्तर पुन्हा त्याच गावात वाचून दाखवले जावे.

संस्था, शाळा आणि महाविद्यालयांनी आपल्या पर्यावरण दिनाला याची जोड द्यावी. विद्यार्थ्यांनी 5 जूनला झाड लावावे, पण त्याआधी गावाच्या विहिरींची पातळी मोजून ती पुढच्या ग्रामसभेत मांडावी. ऊर्जा संवर्धन सप्ताहात व्याख्यान व्हावे, पण त्याच आठवड्यात शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलांचे वाचन व्हावे. सौर मेळाव्यात आलेल्या कुटुंबाला घोषणेबरोबर अर्ज भरून देणारा, वर्षभराने पुन्हा येऊन यंत्रणा चालू आहे का पाहणारा माणूस मिळावा.

लोक एकत्र यायला तयार आहेत, हे टिकाव घेऊन पहाटे निघालेल्या गावांनी, हरकती लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि घरातला एक एकर मागून घेणाऱ्या स्त्रियांनी दाखवून दिले आहे. कमतरता उत्साहाची नाही. त्या उत्साहाला निर्णयाचा अधिकार आणि हिशेबाची तारीख देण्याची जबाबदारी आता शासनाची, संस्थांची आणि आपली सर्वांची आहे. तापमान वाढण्याचा वेग पाहता ती पुढच्या पिढीवर ढकलण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. म्हणून येत्या ग्रामसभेच्या आणि सोसायटीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हे विषय लेखी देण्यापासून आपण प्रत्येकाने सुरुवात केली पाहिजे.